पडद्यावरचा लाल पंजा

मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, मित्रांनो. बसू नये असंच ते आहे. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांना मी हे एकदा सांगून पाहिलं, तर त्यांनीसुद्धा माना फिरवल्या. पण तुम्हाला आज शाळेची सुट्टी, तुमच्या आया बाहेर पथारीवर मिरच्या वाळत घालताहेत, आणि तुम्ही सावलीला या वखारीत येऊन बसला आहात. मलाही लटकण्याशिवाय दुसरं काम नाही. तेव्हा ऐका. मयूरी, तू जरा पुढे सरक. मागे बसलीस की फार शंका काढतेस.

मी एक जुना पडदा आहे. सिनेमाचा. वीस फूट लांब, चौदा फूट उंच, अस्सल मांजरपाट, चारी बाजूंनी काळी पट्टी. माझा जन्म सारंगखेड्याचा. एवढं कापड मावेल असं घर शिंप्याकडे नव्हतं, म्हणून त्याने मला तापीच्या वाळूत अंथरून शिवलं. शिवताना त्याची सुई वाळूत पडली. ती सापडेपर्यंत तापीचं पाणी दोन दिवस जागच्या जागी थांबलं होतं, असं म्हणतात. म्हणजे, मीच म्हणतो.

माझी नोकरी यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये होती. मशीन चालवायचा दगा, तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. आता तुम्ही त्याला दगाआबा म्हणता, तोच. मला तंबूच्या मधोमध बांधत. पुढे पुरुष बसत आणि मागे बायका. मागच्या बाजूला चित्र उलटं दिसे. हिरो डाव्या हाताने जेवे, डाव्या हाताने गुंडांना बडवे, पण एकाही बाईने कधी तक्रार केली नाही.

एक गुपित सांगतो. मी जन्मात एकही सिनेमा पाहिलेला नाही. चित्र पडतं माझ्याच अंगावर, आणि आपलं कपाळ आपल्याला दिसतं का? मी पाहिली ती माणसं, दोन्ही बाजूंची. विनोदी सिनेमाला प्रत्येक जण आपापलं हसतो. भुताच्या सिनेमाला मात्र चारशे माणसं मिळून एकच श्वास घेतात आणि तो सोडायला विसरतात. त्या वेळी मी वारा नसतानाही थोडा आत ओढला जातो. चांगला भुताचा सिनेमा कोणता, हे मी एवढ्यावरून ओळखतो.

एका वर्षी चिंचेखालच्या हडळीचा सिनेमा आला होता. तंबूची कनात जरा उघडी राहिली आणि बाहेर बांधलेल्या एका पांढऱ्या घोड्याला ती हडळ दिसली. घोडा दावं तोडून सुटला, तो तापी ओलांडून थेट शहाद्याला जाऊन थांबला. परत आला तेव्हा काळा झाला होता. हसू नका.

त्याच खेळाला मागच्या बाजूला नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती. हडळ आली तशी ती शेजारच्या बाईच्या पदरात शिरली आणि खेळ संपेपर्यंत बाहेर आली नाही. ती मुलगी म्हणजे जसोदाबाई. हो मयूरी, तुझी आजी. ती बघ, आत्तासुद्धा दारापाशी बसून मिरच्यांचे देठ खुडते आहे.

मग तंबूचे दिवस गेले. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं, उंदरांनी माझा एक कोपरा नेला. दगाआबा नंदुरबारला शांतीलालशेठच्या या मिरचीच्या वखारीत राखणदार म्हणून आले, आणि सामानाबरोबर मलाही घेऊन आले. इथे माझा उपयोग काय, तर मिरच्यांवर दव पडू नये म्हणून मला त्यांच्यावर पांघरायचे. ज्याच्या पुढे चारशे माणसं श्वास रोखून बसायची, तो मी मिरच्यांचं पांघरूण झालो. कुणी विचारपूस केली नाही. धुतलं तेवढं मात्र भरपूर, त्यामुळे मी मऊ होत गेलो. त्या मऊपणानेच माझा घात व्हायची वेळ आणली.

दर रविवारी दुपारी या वखारीत चार जण जमतात, तुम्ही त्यांना पाहिलं आहे. चौघांनाही भुताच्या सिनेमांचं वेड. प्रत्येकाने एक सिनेमा सुचवायचा, बाकीच्यांनी तो आठवडाभरात मोबाइलवर पाहायचा आणि रविवारी कितीदा दचकलो ते खरं सांगायचं, अशी त्यांची रीत. खांडबाऱ्याहून रेल्वेने येणारी कामिनी दवाखान्यात नर्स आहे. रक्ताच्या सिनेमांना तिच्या लेखी किंमत नाही. रक्त तिला रोज दिसतं, म्हणते. तिला आवडतात रिकामी घरं आणि बंद दारं. शांतीलालशेठला उलट बादलीभर रक्त लागतं. शिवाय त्याचं मत असं की भीती सगळी आवाजात असते, आवाज बंद केला की भूत म्हणजे केस न विंचरलेली बाई. ईश्वर रिक्षा चालवतो, सातपुड्यातला आहे. सिनेमातलं जंगल पाहून त्याला हसू येतं. भर दुपारी एवढं धुकं आणतात कुठून, आणि जंगलात पळणाऱ्या पोरीच्या पायात एकही काटा कसा जात नाही, असं तो विचारतो. आणि चौथे दगाआबा. मुठीत मावतं ते भूत नव्हे, खेळणं, हे त्यांचं एकच म्हणणं. भूत माणसापेक्षा मोठं दिसलं पाहिजे, आणि त्याला पडदा पाहिजे.

या चौघांचं कधी एकमत व्हायचं नाही. म्हणून त्यांनी जसोदाबाईला न्यायाधीश केलं होतं. तिच्या पुढ्यात मोबाइल उभा करायचा आणि ती देठ खुडता खुडता सिनेमा पाहायची. तिचा हात थांबला तर सिनेमा भारी, नाही थांबला तर बाद. तीस वर्षं तो हात टक्, टक्, टक् असा चालतो आहे. अकरा सिनेमे झाले, अकराही बाद. ईश्वर तिला म्हणायचा, मावशी, तुमच्यापुढे खरं भूत आणून बसवलं तर तुम्ही त्याचेही देठ खुडाल. ती फक्त दगाआबांशी एका गोष्टीवर भांडायची. चिंचेखालची हडळ आबांच्या मते उजवीकडून आली होती आणि जसोदाबाईच्या मते डावीकडून. दोघंही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगत, आणि दोघंही खरं बोलत होते, हे फक्त मला माहीत.

या पौषात देठ खुडणाऱ्या चाळीस बायकांनी शेठकडे मागणी केली. मिरचीचा ठसका फार लागतो, नाकातोंडाला बांधायला मऊ कापड द्या. मागणी अगदी रास्त होती. शेठने इकडे तिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर आली. धुऊन धुऊन मऊ झालेला, लांबरुंद, फुकटचा. सुतळी कापायची मोठी कात्री त्याच्या हातात होतीच.

दगाआबा मध्ये आले. त्यांनी हात जोडले नाहीत, फक्त एवढं म्हणाले की या रविवारी एक खेळ याच्यावर लावू. जसोदाचा हात थांबला तर पडदा राहील. नाही थांबला तर सोमवारी मीच कात्री धरतो.

शेठ शेवटी सिनेमाचाच वेडा. तो कबूल झाला. आणि माझं आयुष्य चाळीस तुकडे आणि एका बाईचा हात यांच्यामध्ये टांगलं गेलं.

रविवारी दुपारी दोन वाजता वखारीची दारं लावली, फटींवर ताडपत्री बांधली. ईश्वरने लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका मित्राचा प्रोजेक्टर आणला होता. सिनेमा कामिनीने निवडला. तिने आधीच सांगितलं की यात भूत नाही. एक म्हातारी एकटी राहते, तिच्या घराच्या टोकाला एक दार आहे, आणि ते उघडू नये असं आपल्याला वाटत राहतं, बस. शेठ म्हणाला, दारं तर माझ्या वखारीलाही दोन आहेत, त्यांना कोण भितं? पण सिनेमा लागला.

जसोदाबाई पुढे बसेना. तंबूत बायका मागे बसायच्या, मी माझ्या बाजूला बसते, म्हणाली. हाताची आग होऊ नये म्हणून तिने दोन्ही हातांना तेल चोळलं आणि मिरच्यांचा ढीग घेऊन माझ्यामागे एकटी बसली. पुढच्यांना ती दिसत नव्हती. फक्त ऐकू येत होती. टक्. टक्. टक्.

अर्धा तास गेला. टक्. टक्. शेठने मांडीवरची कात्री उघडली आणि मिटली. कामिनी सिनेमा पाहतच नव्हती, ती कान देऊन बसली होती. मी मागे पाहिलं. जसोदाबाईचे डोळे माझ्यावर होते आणि बोटं आपोआप चालली होती, जशी तीस वर्षं चालत आली आहेत तशी. मी मनात चाळीस तुकडे मोजायला लागलो.

मग सिनेमातला आवाज गेला. बिघाड नव्हता, सिनेमाच तिथे बिनआवाजाचा होता. वखारीत फक्त देठांचा आवाज उरला आणि तो सिनेमातूनच येतो आहे असं वाटायला लागलं. ईश्वर बसल्या जागी मागे सरकला. शेठ कात्री उघडायला विसरला. आणि मित्रांनो, कितीतरी वर्षांनी मला ते जाणवलं: मी थोडा आत ओढला गेलो.

टक्.

मग बराच वेळ काही नाही.

मग टक्.

मग काहीच नाही.

चौघं एकमेकांकडे बघायलाही धजेनात. आणि तेव्हा माझ्या अंगावर, जिथे ते दार होतं असं नंतर सगळे सांगत होते, अगदी तिथेच, आतून एक पंजा पुढे आला. पाचही बोटं पसरलेली. कापड ताणलं गेलं. तो पंजा तिथेच दाबून राहिला.

शेठ कात्री टाकून पळाला. ईश्वर पोत्यांवरून पलीकडे पडला. रोज रक्त पाहणाऱ्या कामिनीने दगाआबांचा हात एवढा घट्ट धरला की त्यांच्या मनगटावर तीन दिवस वळ होते. दारं उघडली, ऊन आत आलं, तेव्हा पंजा नाहीसा झाला होता.

आता तुम्ही विचाराल, कुणाचा तो हात? जसोदाबाईचा नव्हे. ती दहा हात लांब, ढिगापाशी बसली होती, हे मी माझ्या मागच्या डोळ्यांनी पाहिलं. तो त्या दारातून आलेला हात होता. थंड होता, बर्फासारखा. त्याला सहा बोटं असावीत, असंही मला वाटलं.

जसोदाबाईला सगळ्यांनी विचारलं, हात का थांबला? ती म्हणाली, मिरचीचं बी डोळ्यात गेलं. तीस वर्षांत तिच्या डोळ्यात कधी बी गेलं नव्हतं, पण तिच्याशी वाद कोण घालणार? हात भीतीने थांबला नाही, म्हणजे नियमाने मी हरलो. पण ज्या पडद्यातून हात बाहेर येतो त्याला कात्री लावायची शेठची छाती होईना. त्याने बायकांसाठी बाजारातून कापड आणलं. ते कडक आहे, नाकाला टोचतं, बायका कुरकुरतात. मग शेठ माझ्याकडे बघतो, त्याला तो पंजा आठवतो आणि तो नजर वळवतो. आत्तासुद्धा तो तिकडे पोती शिवतो आहे, आणि कात्री त्याच्या गुडघ्याशीच आहे.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. जुन्या वस्तूंना जपा. त्यांना धुवा, वाळवा, उंदरांपासून सांभाळा. एखादी वस्तू निकामी दिसते, पण तिच्या अंगात किती जणांचे रोखलेले श्वास साठलेले असतात, ते तुम्हाला काय माहीत? आणि ज्या वस्तूला प्रत्यक्ष भुताने हात लावला आहे, तिला तर कात्री म्हणून लावू...

मयूरी, तू मागे कधी गेलीस? मागे काही नाही पाहण्यासारखं. पुढे ये.

"आठे पंजा शे," ती माझ्यामागून म्हणाली. "लाल. तेलना डाग बी शे."

हो, इथे आहे ना, तोच तो. भुताचा. म्हटलं ना मी.

"भूत पुढे उना ना? मंग पंजा मांगे कसा?" मग ती बोटं मोजायला लागली, आणि पाचवर थांबली. "करंगळी वाकडी शे. हाऊ भूतना हात नही. हाऊ मन्ही आजीना हात शे."

पोती शिवणारा शेठचा हात थांबला. त्याने कात्री उचलली आणि तो उठून माझ्यामागे आला. पंजा पाहिला. मग दारापाशी बसलेल्या जसोदाबाईकडे पाहिलं. तिने उजवा हात पदराखाली घेतला होता आणि ती डाव्या हाताने देठ खुडत होती, टक्, टक्. मग तेही थांबलं.

तिने पदरातून हात काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"मन्हाच शे, शेठ," ती म्हणाली. "ते दार उघडी ऱ्हायनं व्हतं. लावाले गया हात. कात्री ठेवी द्या."