तोंड वासून टांगलेला पेला

वर बघा. त्याहून वर. टीव्हीच्या उजव्या अंगाला, फाटक्या अकॉर्डियनच्या आणि कुठल्याशा घोड्याच्या खोगिराच्या मधे, भिंतीतून तोंड वासून बाहेर आलाय ना, तो कथलाचा पेला म्हणजे मी. मीच बोलतोय. टीव्ही नव्हे. तो तर कोणी ऐको न ऐको, बोलतच असतो.

जन्म माझा शेफील्डचा. कारागिराने मला ठोकलं, घासलं, एक कान लावला आणि म्हणाला, "जा आता, लोकांच्या तोंडी लाग." तेवढंच माझं शिक्षण. बाकीचं शिकलो ते 'ब्लॅक ड्रेक' पबच्या बारवर, हुकाला टांगून.

नेहमीच्या गिऱ्हाइकांचे पेले तिथे मालकीणबाईंच्या, म्हणजे मिसेस प्लाटच्या, डोक्यावर रांगेने लटकायचे. ज्याचा पेला त्याचंच तोंड. बायकोनेसुद्धा नवऱ्याच्या पेल्याला हात लावायचा नाही, लावायचाच तर आधी विचारायचं. माझा धनी नॉर्मन ग्रिमशॉ, गावात बस चालवायचा. दारात त्याची टोपी दिसली की मिसेस प्लाट मला खाली काढायची. तो कोट काढून बसेपर्यंत मी फेसासकट त्याच्या पुढ्यात हजर. बसगाडी कधी वेळेवर आली नसेल, मी आलो.

त्याचा जिवलग मित्र सिड, कोपऱ्यावरचा खाटीक. दोघं रोज डोमिनो खेळायचे आणि रोज भांडायचे. एकदा हरल्यावर सिडने हाताला लागेल ते उचलून शेकोटीच्या दगडावर आपटलं. हाताला मी लागलो होतो.

"अरे कसाया, माझा पेला मारलास!"

"मारला कुठे? जरा ओठ वाकडा झालाय. आता शोभतो तुझ्या थोबाडाला!"

झालं. तेव्हापासून मला उजव्या हाताने धरून कोणी प्यायला की वाकड्या ओठातून बिअर हनुवटीवर आणि तिथून थेट शर्टात. नॉर्मनने मुकाट्याने हात बदलला, जन्मभर डाव्या हाताने प्यायला. पण मला मात्र हत्यार मिळालं! गावात नवे पाद्री आले. मला बघून म्हणाले, "वा! मला त्या चांदीच्या पेल्यात द्या." चांदीच्या म्हणे! मिसेस प्लाटने नॉर्मनकडे पाहिलं, नॉर्मनने डोळा मारला. पहिल्याच घोटाला पाद्रीबाबांची पांढरीशुभ्र कॉलर भिजून पिवळी.

"अभिनंदन, फादर," सिड म्हणाला, "आजवर तुम्ही दुसऱ्यांना भिजवलंत. आज तुमचा बाप्तिस्मा झाला."

ड्रेकचा आणखी एक रिवाज होता. धनी वारला की त्याचा पेला काठोकाठ भरायचा, मित्रांनी एकेक घोट घ्यायचा, मग पेला बारवर उपडा घालायचा आणि घरच्यांच्या हाती द्यायचा. तोवर माणूस गेला असं कोणी धरत नसे. उशीर झालाय, येईल, एवढंच म्हणायचे.

"तू आधी गेलास तर तुझा घोट मी घेईन," सिड म्हणायचा.

"घे की. उजव्या हाताने घे."

मग नॉर्मनचे गुडघे गेले आणि तो वृद्धाश्रमात राहायला गेला. मिसेस प्लाट थकली, समुद्राकाठी बहिणीकडे गेली. पब एका कंपनीने घेतला. शेकोटी बुजवली, नाव 'ड्रेक्स' केलं. जिकडेतिकडे टीव्ही लावले, मुतारीतसुद्धा, म्हणजे माणसाची धार चुकली तरी गोल चुकायला नको. छताला एवढाले स्पीकर. गाणं लागलं की माझं कथील थरथरतं.

भिंत मोकळी दिसत होती म्हणून तिथे जुनेपणा लावायचं ठरलं. अकॉर्डियन आणि खोगीर कुठूनशी पोत्यात भरून आली. मी तेवढा इथलाच होतो, पण ते सांगणार कोण? माझ्या बुडाला भोक पाडलं, त्यात स्क्रू पिळला आणि मला आडवा ठोकला. ज्याने आयुष्यभर लोकांना भिजवलं, तो कोरड्या तोंडाने चोवीस तास फुटबॉल बघतोय.

गेल्या शनिवारी इंग्लंडची मॅच होती. पब फुल्ल. त्या गर्दीतून काळा टाय लावलेला एक म्हातारा काठी टेकत आला. सिड होता. टाय बघितला आणि मी समजलो.

बारवरची केरी-अॅन ओरडली, "काय हवं, राजा? टेबलावरच्या त्या चौकोनावर फोन धर, आपोआप येतं!"

"पोरी, माझा फोन भिंतीला असतो. एक पाइंट बिअर दे, आणि ती तिथल्या त्या पेल्यात दे."

"कुठल्या?"

सिडने काठी वर केली. काठीचं टोक थेट माझ्याकडे.

"अय्या! तो शोभेचा आहे, आजोबा."

"शोभेचा तुझा बाप! नॉर्मन ग्रिमशॉचा आहे तो. आत्ता त्याला पुरून आलोय. त्याच्या पोरीला सांगितलंय, पेला घेऊन येतो म्हणून."

केरी-अॅनचा चेहरा पडला. तिने मॅनेजरला बोलावलं. डॅरिल त्याचं नाव, दाढी कोरलेली, कानात यंत्र.

"सॉरी हं, काका. भिंत कंपनीची आहे. हेड ऑफिसला मेल टाका."

"मेल टाकू? माझा मित्र गेलाय!"

"काय?" डॅरिलने कानाला हात लावला. कॉर्नर किक मिळाली होती, अख्खा पब उभा. "मॅच संपल्यावर बोलू!"

मॅच संपल्यावर डॅरिल काय बोलणार, ते सिडला कळलं होतं, मलाही. मी काय करणार? उडी मारावी तर बुडात स्क्रू. ओरडावं तर तोंड हे एवढं उघडं, आवाज नाही. केरी-अॅनने त्याला साध्या ग्लासात पाइंट दिला, पैसे घेतले नाहीत. तो घेऊन सिड गर्दीतून माझ्या खाली येऊन उभा राहिला. मान वर.

"नॉर्मन," तो म्हणाला, "नाही जमलं रे."

आणि इंग्लंडने गोल केला.

हल्ली गोल झाला की हातातली बिअर छताकडे उडवतात. आमच्या वेळी सांडलेल्या थेंबासाठी माणसं टेबल चाटायची! शंभर हात वर गेले, बिअरचा पाऊस पडला, आणि त्यातला एक चांगला ओंजळभर हबका माझ्या वासलेल्या तोंडात. किती दिवसांनी! पण आडव्या पेल्यात बिअर राहणार किती? वाकडा ओठ नेमका खालच्या बाजूला. तिथून धार लागली ती थेट सिडच्या हनुवटीवर, तिथून काळ्या टायवर.

देवाशपथ, यात माझी करणी काही नव्हती. मला जमत असतं तर आधी डॅरिलला भिजवला असता.

सिडने टायकडे पाहिलं. मग त्याने ओठ चाटले.

"मेल्या," तो म्हणाला, "पुरला तरी सुधारला नाहीस!" हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. "आणि बिअर तरी बरी पाजायचीस! हे काय घोड्याचं मूत!"

त्याने आपला ग्लास डाव्या हातात घेतला, टाचा उंचावून माझ्या कडेला टेकवला, एका दमात संपवला आणि काठी टेकत निघून गेला. रिकाम्या हाताने.

घोट झाला, पण मला उपडा कोणी घातला नाही. नॉर्मनच्या पोरीच्या हाती दिला नाही. म्हणजे रिवाजाप्रमाणे नॉर्मन अजून गेलेला नाही, त्याला उशीर झालाय. दार माझ्या डाव्या अंगाला आहे. टोपी आली का ते बघायला मान वळवता येत नाही.

इकडे कधी आलात आणि खिशात पेचकस असला, तर मॅच चालू असताना या. कोणाचं लक्ष नसतं.