उंदीर नव्हते

माझं पुस्तक छापून यायच्या आधीच माझ्या आईने त्यात चुका काढायला सुरुवात केली. तिचं नाव रिटा, वय ऐंशी. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, पण कान असे की वाडीत नारळ पडला तर कुठल्या झाडाचा ते ओट्यावर बसून सांगेल. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मी माणिकपूरहून गिरीजला तिच्याकडे जायचे आणि एकेक प्रकरण वाचून दाखवायचे. ती पाय पसरून बसायची आणि कॉपी करणाऱ्या पोरीकडे बघावं तशी माझ्याकडे बघायची.

आमच्या गावात आठवणी लिहितात ते रिटायर झालेले हेडमास्तर, आणि त्यात शाळेच्या कौलांचा खर्चसुद्धा असतो. माझ्या पुस्तकात तसलं भारदस्त काही नव्हतं. बाबा मला केळी पिकवायच्या खोलीत कोंडायचे आणि चोपन्नाव्या वर्षी मी तिथून कशी बाहेर येते आहे, एवढंच होतं. लिहायला सांगितलं मेघना मॅडमनी. त्या माणिकपूरला समुपदेशन करतात. त्यांच्याकडे मला युजीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी बाथरूमची कडी लावत नाही. घरात पाहुणे असले की मी आत असेपर्यंत युजीन दाराबाहेर उभा राहून चर्चमधली गाणी म्हणतो, कुणी चुकून दार ढकलू नये म्हणून. त्याचा आवाज असा आहे की पाहुणे जेवायला थांबत नाहीत. "एक तर तू बरी हो, नाहीतर मी गाणं शिकतो," असं तो म्हणाला तेव्हा मी घाबरून मॅडमकडे गेले.

मला आईकडून एकच हवं होतं. "हो, असं झालं होतं," एवढं तिने म्हणावं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. गावाच्या लेखी ते देवमाणूस, चर्चच्या गायनमंडळात पेटी वाजवणारे. भाऊ ॲल्रॉय तेव्हा अगदी लहान होता, त्याला काही आठवत नाही. साक्षीदार उरली एकटी आई. मॅडम म्हणायच्या, तुमचा अनुभव तुमचा, त्याला कुणाच्या सहीची गरज नाही. मॅडमची आई पुण्याला असते. त्यांना बोलायला काय जातं?

पहिल्या प्रकरणात आईने आमच्या गायीचा रंग बदलायला लावला. दुसऱ्यात खराट्यांचा विनोद होता. आईला नारळाच्या झावळ्यांचे हीर, म्हणजे पात्यांमधल्या काड्या, खरवडून काढून खराटे बांधायचं वेडच होतं. घरात कोपऱ्याकोपऱ्यात खराटे, शेजाऱ्यांकडे खराटे, सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये खराटे. कुणाकडे बारसं असलं तरी आई एक खराटा घेऊन निघायची. "माझ्या आईने मुलांपेक्षा खराट्यांची जास्त काळजी घेतली," असं एक वाक्य मी टाकलं होतं आणि त्यावर स्वतःच खूश होते. वाचताना मला हसू आवरेना. आई हसली नाही.

"बरं. पुढं वाच," एवढंच म्हणाली. ती हे सगळं आमच्या घरच्या बोलीत बोलते. मी ते शाळेतल्या मराठीत उतरवलंय, त्यामुळे तिखट कमी वाटलं तर दोष माझा.

चौथ्या प्रकरणाचं नाव 'उंदरांची खोली'. मागच्या पडवीला लागून ती खोली होती. खिडकी नाही. वाशांना टांगलेले केळ्यांचे लोंगर आणि पिकत्या केळ्यांचा उबट गोड वास. वसईत जन्मून मी केळं खात नाही, ते त्यामुळे. रोझरीची प्रार्थना चालू असताना डुलकी लागली, गणितात मार्क कमी पडले, दूध उतू गेलं, काहीही निमित्त पुरायचं. बाबा बाहेरून कडी घालायचे. पण सगळ्यांत वाईट होते ते उंदीर. कडी पडली की थोड्याच वेळात दाराच्या फटीशी आवाज सुरू व्हायचा. खर्र… खर्र… मी लांबच्या कोपऱ्यात पोत्यांवर चढून पाय पोटाशी घेऊन बसायचे आणि ओरडायचं नाही म्हणून फ्रॉकचं टोक तोंडात कोंबायचे.

वाचून झालं. आईने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"उंदीर नव्हते," ती म्हणाली.

"होते, आई."

"माझ्या घरात उंदीर नव्हते. मांजर होती आपली, एवढी दांडगी."

"म्हणजे कोंडलं ते चालतं तुला, कडी चालते, अंधार चालतो, फक्त उंदीर चालत नाहीत? लोक काय म्हणतील, रिटाच्या घरात घाण होती?"

"उंदीर काढ आणि मग छाप."

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी मी वाचलंच नाही, नुसती भांडले. घरी येताना रिक्षात रडले आणि त्या भरात रिक्षावाल्याला वीस रुपये जास्त दिले, त्याचा राग वेगळाच. मी पन्नास पानं लिहिली, आणि ही बाई घराच्या साफसफाईवर अडली होती! सोमवारी पुस्तक छापखान्यात जायचं होतं. शेवटच्या रविवारी मी ठरवूनच गेले. तिला सरळ विचारायचं: झालं होतं की नाही? नाही म्हणाली तर पुस्तकही नको आणि हे रविवारही नकोत.

आई ओट्यावर नव्हती. ॲल्रॉयने पुढे नवं घर बांधलं, पण मागची पडवी आणि ती खोली तशीच आहे. खोलीत आता पाण्याचा पंप असतो. आई पडवीत त्या खोलीच्या दाराशी बसली होती. समोर हिरवी झावळी, हातात सुरी.

"आत जा," ती म्हणाली.

"कशाला?"

"जा म्हणते ना. दार ओढून घे. कडी मी लावत नाही."

माणूस कितीही शिकलं, कितीही समुपदेशन घेतलं, तरी आईच्या 'जा म्हणते ना'वर औषध नाही. मी गेले. दार ओढून घेतलं. अंधार तोच होता. केळ्यांऐवजी ऑइलचा वास येत होता.

खर्र… खर्र…

दाराच्या फटीशी. तोच आवाज, त्याच जागी. मला कळायच्या आत मी पंपावर चढले होते. चोपन्न वर्षांची, सांधेदुखीची बाई, रविवारच्या चांगल्या साडीत पंपावर! आणि तिथे उभी असताना मला तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. एक लांब खरवड, मग क्षणभर थांबणं, मग सोललेला हीर बाजूला टाकल्याची हलकी टिचकी. पुन्हा खरवड.

"बाबा पुढच्या खोलीत पेटी घेऊन बसायचे," बाहेरून आईचा आवाज आला. "तुझ्याशी कुणी बोलायचं नाही, असा हुकूम होता. बोललं की तुझा वेळ वाढायचा. कामाला मात्र ते काही म्हणत नसत. म्हणून मी झावळी घेऊन इथं बसायचे. मला वाटायचं, पोरीला आवाज ओळखू येईल. कळेल तिला, आई दाराशी आहे."

खरवडणं थांबलं.

"तू उंदीर समजलीस."

मी पंपावरच खाली बसले. लहानपणची ती सगळी वर्षं मी माझ्या आईला घाबरून पाय वर घेऊन बसले होते. मला हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी रडू झालं. गावातली अंगणं, कॉन्व्हेंटचं आवार, सगळं मी कोंडलेली असताना बांधलेल्या खराट्यांनी झाडून निघालं होतं. आणि मग मला तिचा राग आला, इतका की आधी कधीच आला नव्हता.

"कडी का नाही काढलीस?" मी आतूनच ओरडले.

बाहेर झावळी सरकली.

"हाताला लागत होती," ती म्हणाली. "बसल्या जागेवरून हात वर केला असता तर लागली असती. दर वेळी वाटायचं, काढावी. भ्यायले. फ्लॉसी, तू लिहिलंस ते सगळं झालं होतं. सगळं खरं आहे. उंदीर सोडून."

मी दार ढकलून बाहेर आले. तिने वर पाहिलं नाही. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. राग गेला नव्हता, पण तो आता माझ्या एकटीचा नव्हता.

"मग उंदरांच्या जागी काय लिहू?" मी विचारलं.

"मला घाल. दाराबाहेर बसलेली, भित्री. नावासकट घाल."

मी पर्समधून कागद आणि पेन काढलं. चौथं प्रकरण बाजूला ठेवलं, दुसरं उघडलं आणि खराट्यांचं ते वाक्य शोधून खोडायला घेतलं. आईने सुरी खाली ठेवून माझा हात धरला.

"ते खोडू नकोस," ती म्हणाली. "ते खरं आहे. तुझी काळजी घेणं जमलं नाही मला. खराट्यांची घेतली."

मी पेन बंद केलं आणि झावळीचं दुसरं टोक माझ्या मांडीवर ओढून घेतलं.