मंत्रीच्या डोळ्यांत न बघता

नेपाळातल्या धनकुट्याच्या भूपेन खतिवडाला कुत्र्याने पास केलं आणि कुत्र्याच्या मालकाने नापास. पण परीक्षा झालीच नव्हती, असं मालकांनी त्याच दिवशी जाहीर केल्यामुळे आपल्यालाही निकाल विसरणं भाग आहे. विसरलात? छान. आता पहिल्यापासून सांगायला हरकत नाही.

भूपेन वॉर्ड कार्यालयात जन्माच्या नोंदी आणि शिफारसपत्रं लिहायचा. वय सत्तावीस. सांगण्यासारखे गुण दोन. अक्षर चांगलं, आणि कुणी त्याच्यावर ओरडलं की ओरडणाऱ्याचं म्हणणं त्याला लगेच पटायचं. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या सम्झना ढुंगानावर त्याचा दोन वर्षांपासून जीव होता. तिचाही त्याच्यावर होता. का होता, हे भूपेनने कधी विचारलं नाही. चालू गाडीला खीळ घालू नये, एवढं त्याला कळत होतं.

अडचण सम्झनाच्या वडिलांची होती. टेकनाथ ढुंगाना, निवृत्त सुब्बा, म्हणजे सरकारी कचेरीतले वरिष्ठ कारकून. सगळी नोकरी मंत्र्यांपुढे उठण्या-बसण्यात गेली, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी एक करडा, दांडगा कुत्रा पाळला आणि त्याचं नाव मंत्री ठेवलं. रोज सकाळी अंगणातून त्यांचा आवाज गल्लीभर ऐकू यायचा, “मंत्री, ऊठ! मंत्री, बस! मंत्री, बाहेर हो!” असं सुखी म्हातारपण धनकुट्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

दशैंला, म्हणजे दसऱ्याला, भूपेन पहिल्यांदा त्यांच्या घरी गेला, तेव्हा मामाने त्याला बजावून पाठवलं होतं, “मान खाली घालून बसू नकोस. डोळ्यांत डोळे घालून बोल. खाली बघणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही.” भूपेन डोळे तयार ठेवून गेला. पण सुब्बासाहेब वर्तमानपत्रातून वर बघेनात. आता एवढी तयार केलेली नजर ठेवायची कुठे? भूपेनने ती समोर बसलेल्या मंत्रीवर ठेवली.

मंत्रीने आधी जांभई दिली. मग तोंड फिरवलं. मग स्वतःचं नाक चाटलं. भूपेनला वाटलं, आपण जिंकतोय. त्याने पापणी न लववता नजर आणखी रोखली. मंत्रीने एकदा बारीक गुरगुरून पाहिलं, आणि मग भूपेनच्या नव्या पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत उसवून दिला.

सुब्बासाहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“चार वर्षांत हा तीनच माणसांवर गेलाय,” ते म्हणाले. “एक विमावाला. तो पुढे गावाचे हप्ते घेऊन पळाला. दुसरा माझा साडू. त्याबद्दल बोलायला नको. तिसरा तू.”

“बाबा, त्याला माणसं कळत नाहीत, वास कळतात,” सम्झना म्हणाली.

“मला मंत्री कळतात,” सुब्बासाहेब म्हणाले. “ऐक रे खतिवडा. इटहरीहून एक स्थळ आलंय. सिमेंटचं दुकान आहे. भाइटीकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बघायला येतायत. त्याआधी कुकुर तिहार आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर तू स्वतःच्या हाताने मंत्रीला टिळा लाव, माळ घाल, खाऊ भरव. त्याने घेतलं, तर इटहरीला मी नको कळवतो. गुरगुरला, तर तू माझ्या जावयाकडे सिमेंट घ्यायला ये.”

कुकुर तिहार म्हणजे दिवाळीतला कुत्र्यांच्या पूजेचा दिवस, आणि भाइटीका म्हणजे तिकडची भाऊबीज. भूपेनला ते लगेच पटलं. घरी पोचल्यावर मात्र त्याने उसवलेली पँट पाहिली आणि आठवडाभर तो विषय टाळला.

पशुसेवा केंद्रातल्या डिल्लीमाया लिंबूला सगळे डिल्लीदिदी म्हणत. भूपेन गेला तेव्हा ती एका शेळीच्या तोंडात औषध ओतत होती.

“तू त्याच्याकडे एक मिनिट रोखून बघितलंस?” तिने विचारलं.

“जास्तच असेल.”

“पँटवर भागलं म्हणून नवस फेड. अरे भाई, अनोळखी माणूस रोखून बघायला लागला की कुत्रा समजतो, हा भांडण काढायला आलाय. तो जांभई देत होता, तोंड फिरवत होता, म्हणजे तुला सांगत होता, बाबा रे, मला भांडायचं नाहीये.”

“मला वाटलं, त्याला झोप आलीय.”

“तुला काय काय वाटतं, ते एका वहीत लिहून ठेव. लोकांना हसायला होईल.”

“पण तो सम्झनाच्या डोळ्यांत अर्धा अर्धा तास बघत बसतो. ती पण बघते. तिची पँट नाही फाडत.”

“ती घरची आहे. घरच्या माणसाची नजर म्हणजे त्याला माया. त्याने आपणहून तुझ्याकडे वर बघितलं तर तीही माया. ती मागून मिळत नाही, भाई. तो देईल तेव्हा घ्यायची.”

“माझ्याकडे आठ दिवस आहेत.”

“मग त्याच्याकडे बघूच नकोस. अंग तिरकं ठेव, नजर बाजूला, डोळे अर्धे मिटलेले, पापणी सावकाश. त्याला येऊ दे तुझ्याकडे.”

“आणि टिळा?”

“टिळा अंदाजाने लाव,” डिल्लीदिदी म्हणाली आणि दुसरी शेळी पकडली.

भूपेनने आठ दिवस कसून सराव केला. गल्लीतल्या कुत्र्यांपाशी तो तिरका उभा राहायचा, आकाशाकडे बघायचा आणि आजारी कोंबडीसारखी पापणी मिटायचा. तिसऱ्या दिवशी तीन कुत्री त्याच्या मागे कार्यालयापर्यंत आली. पाचव्या दिवशी सात. कुत्र्यांच्या बाबतीत विद्या सिद्ध झाली म्हणायची. माणसांच्या बाबतीत ती बंद होईना, हा घोटाळा झाला. वॉर्ड अध्यक्षांनी एक फाइल मागितली, तेव्हा भूपेन खिडकीकडे बघत सावकाश पापणी मिटून “देतो” म्हणाला. अध्यक्षांनी त्याच दिवशी त्याच्या कपाटाची झडती घेतली. नातवाची जन्मनोंद करायला आलेल्या एका म्हाताऱ्याने ती अर्धवट मिटलेली नजर पाहिली, जाणत्यासारखी मान हलवली आणि टेबलाखालून दोन किलो संत्री सरकवली. भूपेन ती परत द्यायला रस्त्यापर्यंत धावला. नेमकं ते सगळ्यांनी पाहिलं. संत्री घेताना पाहिलं असतं तर निदान त्याच्या हुशारीचा बोलबाला झाला असता.

कुकुर तिहारची सकाळ उजाडली. गावातलं एकूण एक कुत्रं झेंडूच्या माळा घालून फिरत होतं. ढुंगानांच्या अंगणात सम्झनाने ताट मांडलं होतं. दही-तांदूळ कालवलेला लाल टिळा, माळ, तांदळाच्या पिठाची तळलेली सेलरोटी, उकडलेलं अंडं. तिची आई दारात उभी होती. हजुरआमा, म्हणजे सुब्बासाहेबांची आई, उन्हात सुकुलाच्या गवती चटईवर बसली होती. सुब्बासाहेब स्वतः मंत्रीचा पट्टा धरून उकिडवे बसले होते. परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून.

भूपेन आत आला. तो अंगणात तिरका शिरला, खेकड्यासारखा, पाण्याच्या टाकीकडे बघत.

“याची मान आखडलीय का?” हजुरआमाने विचारलं.

“नाही हजुरआमा, तो अभ्यास करून आलाय,” सम्झना म्हणाली.

भूपेन ताटाजवळ गुडघ्यांवर बसला. डोळे अर्धे मिटले. नजर टाकीवर. टाकीवर एक कावळा बसला होता. भूपेनने उगाच त्याच्यासाठीही सावकाश पापणी मिटली. जोखीम कशाला घ्या.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग पट्ट्याची साखळी वाजली. काहीतरी ओलं त्याच्या मनगटाला लागलं. मग कोपराला. मग एक जड डोकं त्याच्या गुडघ्यावर येऊन विसावलं. आपला गुडघा आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडतोय, असं भूपेनला वाटलं.

“शेपूट हलवतोय!” सम्झना कुजबुजली. “वर बघतोय तुझ्याकडे. भूपेन, तू बघू नकोस. लाव टिळा, लाव!”

इथे सुब्बासाहेबांनी एक चूक केली. सरकारी माणूस. हलणाऱ्या शेपटीवर त्यांचा विश्वास बसेना. मंत्री खरोखर राजी आहे, की तोंडदेखलं करतोय, हे त्याच्या डोळ्यांत बघून तपासावं म्हणून ते खाली वाकले आणि “मंत्री, इकडे बघ,” असं म्हणत त्यांनी आपलं डोकं भूपेनच्या गुडघ्यापर्यंत आणलं. मंत्री आज्ञाधारक. तो मालकाकडे बघायला सरकला. आणि जिथे मंत्रीचं कपाळ होतं, तिथे सुब्बासाहेबांचं आलं.

भूपेनने तीन बोटांनी भरघोस टिळा घेतला आणि अंदाजाने लावला. कपाळ जरा गुळगुळीत लागलं. सणासाठी केस भादरले असतील, असं त्याने धरलं. टिळा चांगला चार बोटं रुंद थापून त्याने माळ उचलली, मायेने घातली आणि टाकीकडे बघतच पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “असाच इमानी राहा. परक्यावर भुंक, घरच्याला ओळख.” सुब्बासाहेबांनी ओरडायला तोंड उघडलं. भूपेनला गरम श्वास लागला. खाऊ मागतोय, असं समजून त्याने अख्खी सेलरोटी आत घातली आणि कानामागे खाजवलं.

कान छोटा होता. तेव्हा कुठे भूपेनने खाली बघितलं.

सुब्बासाहेबांच्या कपाळावरून दही नाकाकडे निघालं होतं. तोंडात सेलरोटी असल्यामुळे त्यांना आपलं मत मांडता येत नव्हतं.

“दीर्घायुषी हो!” हजुरआमा सवयीने म्हणाली, आणि मग पदर तोंडावर घेऊन गदागदा हलायला लागली.

सुब्बासाहेबांनी रोटी काढली आणि हात कपाळाकडे नेला.

“खबरदार!” हजुरआमा कडाडली. “तिहारचा टिळा पुसायचा नसतो. आयुष्य कमी होतं. सूर्य मावळेपर्यंत राहू दे.”

“आमा, हा कुत्र्याचा टिळा आहे!”

“टिळ्याला काय माहीत? बाबू, अंडं राहिलं ना रे,” ती भूपेनला म्हणाली, “तेही भरव.”

तेवढ्यात शेजारचे म्हातारे पोखरेलबाजे शिधा घेऊन फाटकात आले. त्यांनी सुब्बासाहेबांकडे पाहिलं, मंत्रीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. “आमच्याकडे आपला कुत्र्यालाच लावतात,” असं म्हणून ते मोबाइल काढत मागच्या मागे निघून गेले. सुब्बासाहेब माळेसकट घरात गेले. आतून कडी लागली.

भूपेन तसाच गुडघ्यांवर बसून होता. मंत्रीने पुन्हा त्याच्या मांडीवर हनुवटी ठेवली आणि आपणहून वर बघितलं. भूपेनलाही आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानेही बघितलं. मधाच्या रंगाचे डोळे होते. त्यांत ना प्रश्न होता, ना सिमेंटचं दुकान. इतक्या शांतपणे भूपेनकडे वॉर्डातल्या एकाही माणसाने कधी बघितलं नव्हतं.

तासाभराने सम्झना फाटकाशी आली.

“बाबा म्हणतात, काही झालंच नाही. टिळा नाही, माळ नाही, परीक्षा नाही.”

“मग निकाल?”

“परीक्षाच नाही तर निकाल कसला? इटहरीची माणसं ठरल्याप्रमाणे येणार.”

“पण मंत्रीने माझ्या डोळ्यांत बघितलं! आपणहून! हजुरआमाने पाहिलंय.”

“मी पण पाहिलं, वेड्या. मला पटवू नकोस, मी केव्हाची पटलेय.” तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसू दाबत होते. “इटहरीवाल्याला मी नाही म्हणेन. पण घरात बाबांचं चालतं, आणि बाबा फक्त लेखी मानतात. माझं तोंडी ते धरतच नाहीत. तू काहीतरी लेखी कर.”

लेखी! भूपेनला जगात तेवढंच येत होतं. घरी जाऊन त्याने पांढरा कागद घेतला आणि आपल्या सुंदर अक्षरात, आपल्याच कार्यालयाच्या नावे अर्ज लिहिला. आजपासून भाइटीकेपर्यंत कार्यालय बंद. उघडणार ते भाइटीकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, म्हणजे पाहुणे ढुंगानांकडे चहा पिऊन झाल्यावर. अर्जाची नोंद करणारा कर्मचारी म्हणजे तो स्वतः, आणि तो त्या दिवशी दुःखामुळे रजेवर असणार होता. तरीही त्याने समास सोडला, तारीख घातली आणि शेवटचा परिच्छेद दोनदा वाचून पाहिला:

“तरी, श्री. टेकनाथ ढुंगाना यांच्या कपाळी नजरचुकीने लागलेला टिळा पूर्वलक्षी प्रभावाने मूळ हक्कदार मंत्री (कुत्रा, वय वर्षे ४) यांच्या कपाळी वर्ग करण्यात यावा. सेलरोटी उभय पक्षी सामायिक धरण्यात यावी. मंत्री यांनी अर्जदाराच्या डोळ्यांत स्वेच्छेने सुमारे दोन मिनिटे पाहिले, ही कन्यापक्षाची संमती म्हणून नोंदवहीत दाखल करून तिची शिक्क्यासह प्रत इटहरी येथील सिमेंटच्या दुकानास, कार्यालय उघडण्यापूर्वी एक तास अगोदर, पोहोचती करण्यात यावी, ही नम्र विनंती.”