पहिला घाव

गल्लीचं वळण घेतलं आणि तिच्या हातातली पिशवी गळून पडली. घराचं पुढचं दार जागेवर नव्हतं. दारच काय, दाराशेजारची भिंतही नव्हती. तिथे होतं एक भगदाड, आणि त्यातून भर रस्त्यावरून तिला आपला स्वयंपाकाचा ओटा, कपाट आणि दोरीवर वाळत घातलेला परकर असा सगळा संसार दिसत होता.

घर उघड्यावर पडलं म्हणून बाई हादरली, असं कुणालाही वाटेल. पण घराची तोडफोड होणार हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिचा नवरा गवंडी. हाताखालच्या माणसांपासून वाण्यापर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. काम सोडून घरी बसले, जरा कुठे निवांत झाले, तोच नसांच्या आजाराने गाठलं. आधी पायांतलं बळ गेलं, मग छातीत कफ साठून दवाखाना. आता त्यांना घरी आणायचं तर चाकाच्या खुर्चीतून आणायचं, आणि खुर्ची आत शिरेल असं ते घर नव्हतं. दार अरुंद, पायऱ्या उभ्या, न्हाणीघर तर असं की आत गेलेल्याने साबण पडला तरी वाकू नये. दुसऱ्यांची घरं ऐसपैस बांधणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात मात्र हात आखडला होता.

म्हणून जुने सोबती जमले. फरशीवाला, वेल्डर, रंगारी, आणि सगळ्यांवर आवाज चढवायला मुकादम. गल्लीतल्यांनी वाळू-सिमेंटचं पाहिलं, समोरच्या मास्तरीणबाईंनी सगळ्यांच्या चहाचं अंगावर घेतलं. "तुम्ही फक्त त्याच्याकडे बघा वहिनी, घराचं आमच्यावर सोडा," असं मुकादम म्हणाला होता. फक्त एकच ठरलं होतं. मिस्त्री घरी आल्याशिवाय एक वीटही हलवायची नाही.

त्याचं कारण या गवंड्यांची रीत. गवंड्याने बांधलेली भिंत पाडायची तर पहिला घाव त्याचाच. मग तो म्हातारा असो, भांडून गेलेला असो, त्याला बोलावून आणायचं. मिस्त्री स्वतः एकदा तापाने फणफणलेले असताना एका दुकानाच्या भिंतीवर घाव घालायला गेले होते आणि आठवडाभर अंथरुणाला खिळले होते. या रीतीला सूट एकच. बांधणारा मेला असेल, तर सोबत्यांनी घाव घालावा.

आणि इथे भिंत तर पडलेली होती.

सकाळी तर ती त्यांना चहा पाजून निघाली होती. स्वच्छ कपडे घेऊन येते, म्हणाली होती. तिला बघून माणसांनी हत्यारं खाली ठेवली. कुणी तिच्याकडे बघेना, कुणी बोलेना. वेल्डरसारखा बडबड्या माणूसही मान खाली घालून उभा. ती विटांच्या ढिगावर मटकन बसली.

"कधी?" तिने विचारलं.

"सकाळीच, वहिनी," मुकादम पुटपुटला. "तुम्ही यायच्या आत उरकावं म्हटलं."

तिने जो हंबरडा फोडला, त्याने मास्तरीणबाई चहाचं भांडं हातात घेऊनच धावत आल्या. "अहो, झालं काय?"

"मिस्त्री गेले हो!"

"गेले?" मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. "कधी गेले?"

"तुम्हीच तर सांगताय!"

"मी कुठे सांगितलं?"

तोवर रंगाऱ्याने गळा काढलाच होता. त्याचं पाहून फरशीवाल्याने. घटकाभर सगळी गल्ली एका जिवंत माणसासाठी धाय मोकलून रडली. शेवटी मास्तरीणबाईंनी भांडं खाली आपटलं आणि दवाखान्यात फोन लावला. पलीकडे नर्स वैतागलेली. म्हणाली, पेशंट ठीक आहे, डाळीत मीठ नाही म्हणून सकाळपासून डोकं खातोय.

हसावं तर कुणाला हसू येईना. ती डोळे पुसत उठली आणि मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"मग पहिला घाव कुणी घातला?"

"मी."

"कुणाला विचारून, भाऊजी?"

मुकादमाने हातातली टोपी चुरगाळली. "त्यालाच विचारून. त्यानेच काल दवाखान्यात बोलावलं होतं, वहिनी. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात तेव्हा. म्हणाला, मला मेलेला धरा आणि पाडा. मी नाही म्हणालो. तर शपथ घातली."

ती आल्या पावली परत फिरली. अंगावर विटांची धूळ तशीच, कपडे नेलेच नाहीत.

मिस्त्री उशीला टेकून बसले होते. तिचा अवतार पाहताच ते समजले.

"मेलात म्हणे तुम्ही," ती म्हणाली.

ते पांघरुणातून उजवा हात बाहेर काढायला लागले. तो बाहेर यायलाच इतका वेळ लागला की तिचा राग अर्ध्यावर थांबला. बोटं आत वळलेली होती. ती उघडेनात, मिटेनात.

"हे कधीपासून?"

"झाले दिवस."

इतके दिवस ती त्यांना भरवत होती. तुझ्या हातचा घास गोड लागतो, असं ते म्हणायचे आणि ती या वयात लाजायची. खुळी, ठार खुळी! रोज डोळ्यांदेखत होतं, आणि तिला दिसलं नाही.

"सगळे जमले असते," मिस्त्री म्हणाले. "मीच हाताला धरून शिकवलेली पोरं. त्यांच्यासमोर हातोडा गळून पडला असता. त्यापेक्षा मेलेला बरा."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही मेलात. मग मी कोण झाले?"

सगळ्याचा विचार केला होता या माणसाने, फक्त याचा केला नव्हता. आजाराचं नाव कळलं तेव्हाही ते रडले नव्हते, ते आता रडले. डोळे पुसायला हात वर येईना, तेव्हा तिनेच पदराने पुसले.

"न्हाणीघराची भिंत पाडली का त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"मी पाहिली नाही."

"मुकादमाला फोन लाव. म्हणावं, हात लावायचा नाही. मी येतोय."

आठवड्याभराने ते आले. नव्या उतारावरून वेल्डरने आणि फरशीवाल्याने खुर्ची वर चढवली, मास्तरीणबाई उगाचच "सावकाश, सावकाश" करत मागे. रुंद केलेल्या दारातून मिस्त्री आत आले आणि न्हाणीघराच्या भिंतीसमोर थांबले. भिंत शाबूत होती. वहिनींचा हंबरडा ऐकल्यापासून या भिंतीवर कुणाचा हातच उचलला नव्हता, असं मुकादम म्हणाला आणि त्याने हातोडा पुढे केला.

मिस्त्रींनी तो दोन्ही हातांच्या मध्ये धरला. क्षणभर राहिला. मग निसटला आणि नव्या फरशीवर खणकन आदळला.

ज्याला ते भीत होते, तेच झालं. रंगारी छताकडे बघू लागला, जणू तिथे ओल आली आहे. ती हातोडा उचलायला वाकली.

"राहू दे तो," मिस्त्री म्हणाले. "मला मागे घे."

"आत न्यायचं का, अंथरुणावर?"

"मागे घे म्हणतो ना. अजून. हां. आता ढकल."

"कुठे?"

"भिंतीवर. चांगला जोर लावून."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"ढकलतेस, की मास्तरीणबाईंना सांगू?"

तिने डोळे गच्च मिटले आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून ढकललं. खुर्चीला पाय ठेवायची लोखंडी पट्टी असते, ती धाडकन भिंतीवर बसली. मोठा थोरला पोपडा सुटला आणि मिस्त्रींच्या पावलांवर कोसळला. सगळे आ वासून बघत राहिले.

ती धावत पुढे आली. "अगं बाई! लागलं का?"

"लागलं की!" मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा वेदनेने पिळवटला होता आणि ते हसत होते. "चांगलंच लागलं! मुकादम, बघतोस काय? घण उचल."