मुळांचा वास

“‘माझ्या हयगयीनं झाडं मेली’ असं लिवून दे,” रिसॉर्टचा मॅनेजर अमर कागद पुढे सरकवत म्हणाला. “मालक उद्या येऊन राहिले. मले काहीतरी दाखवा लागन.”

मनकर्णाबाईनं कागदाकडे पाहिलंच नाही. ती खिडकीतून समोरचा उतार पाहत होती. कोंढा गावाजवळच्या या रिसॉर्टची बाग ती अकरा वर्षं सांभाळत होती. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून जुनिपरची दोनशे रोपं आली. उंच न वाढता जमिनीवर पसरणारं, बारमाही हिरवं, थंड मुलखातलं झाड. इथल्या उन्हात ते जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तिनं मातीत मुरूम आणि गिट्टी कालवली, मे महिन्यात वर हिरवी जाळी बांधली, बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी दिलं. उतार भरून गेला. पाहुणे तिथं फोटो काढू लागले.

मग यंदा मार्चमध्ये नागपूरचा बागतज्ज्ञ आला. त्यानं फवारे बसवले. रोज दोनदा, सकाळ-संध्याकाळ.

“तुमच्यासमोरच सांगतलं होतं मी त्याले,” ती म्हणाली. “पानी जास्त झालं का याची मुळं सडतेत. तो हासला. तुमीबी हासले.”

“ते डिग्रीवाले हायेत, बाई.”

ती ताडकन बाहेर गेली. रडायला गेली असेल, असं अमरला वाटलं. ती आली ती तांबूस पडलेलं एक रोप मुळासकट उपटून, आणि तिनं ते त्या कागदावरच आपटलं. मुळं काळीभोर, बुळबुळीत.

“घ्या वास! आता कायले तोंड फिरवता? हयगय केली असती तं सुकून मेलं असतं. हे बुडवून मारलं हाय!”

“लिव आन सही कर. नाईतं उद्यापासून येऊ नोको.”

ती चौथी शिकली होती. तिनं पेन घेतलं आणि चिखलाच्या डागाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मी जास्त पाणी देऊ नका म्हटलं होतं.’ खाली पूर्ण नाव. अमरनं कागद टराटरा फाडला, तेव्हा ती फाटकाबाहेर पडली होती.

“आजी, आज दुपारीच काहून आली?” दारात नात गुंजननं विचारलं.

“बस, वेणी घालतो तुही.”

तिनं इतकी घट्ट वेणी घातली की पोरगी कळवळली. मनकर्णाबाईचे हात थांबले. तिनं सगळी वेणी सोडली, आणि पुन्हा पहिल्या पेडापासून, सावकाश घालायला घेतली.