पिल्लू कोणाजवळ

पहिल्याच तासाला मी विद्यार्थ्यांना सांगते, वांदर आणि माकड एक नव्हे. आमच्या समुद्रपुरात दोघांनाही वांदरच म्हणतात आणि दोघांनाही गोटे मारूनच हाकलतात, म्हणून सांगावं लागतं. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वांदर. लाल तोंडाचं, आखूड शेपटीचं ते माकड. माकडाच्या गालात पिशव्या असतात, पळवलेले फुटाणे ते तिथे कोंबतं. वांदराला पिशव्या नाहीत, पण पोट असं की नुसत्या पाल्यावर भागतं. तीन वर्षांत एवढं जरी डोक्यात शिरलं तरी मी देवाला नारळ फोडते.

यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला अकरा पोरं होती आणि त्यांत आचल होती. जगाला माहीत असलेलं नातं असं, की आचल माझ्या थोरल्या जावेची, पौर्णिमाताईंची मुलगी. जाम गावच्या चौकात त्यांचं किराणा दुकान आहे. आचल त्यांना आई म्हणते. मला घरी काकू म्हणते, कॉलेजात मॅडम.

तिला जन्म मी दिला. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ताईंची कूस उजवली नव्हती आणि माझ्या पदरी थोरला मुलगा, अंकित, होताच. तेव्हा आम्ही सगळे जामलाच एका घरात राहायचो, ताई खाली, आम्ही वर. सासूबाईंनी ठरवलं. आचल पाच महिन्यांची होती. पाटावर बसलेल्या ताईंच्या पदरात मी आधी नारळ घातला, मग तांदूळ, मग खण आणि मग पोर. ओटीतलं परत मागत नसतात, असं सासूबाई म्हणाल्या. मी मान हलवली. त्या वयात मी मान हलवण्यात तरबेज होते.

वर्षभरात मला समुद्रपूरला नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. तेव्हापासून मला एकच हवं आहे. तिनं मला आई म्हणावं. एकदाच, चुकून का होईना. दिवाळीला जामला गेले की ती ताईंना हाक मारायची आणि माझी मान आपोआप वळायची. आता परीक्षा झाली की ती पुढे शिकायला डेहराडूनला जाणार होती. म्हणजे नागपूरच्या प्राणिसंग्रहालयातलं हे प्रात्यक्षिक आमचं शेवटचं.

अकरा पोरांच्या जोड्या केल्या की एक उरतं. ती आचल उरेल अशी तजवीज मी बसमध्येच करून ठेवली होती. उरलेल्या पोरीबरोबर मॅडम बसतील, असं मी अगदी कंटाळलेल्या आवाजात जाहीर केलं.

आधी माकडांचा पिंजरा. तिथली आई पिल्लाला पोटाशी घट्ट धरून बसली होती. दुसऱ्या मादीनं नुसता हात पुढे केला तर तिनं दात दाखवले. मला त्या माकडिणीचा इतका हेवा वाटला की काय सांगू. मग आम्ही वांदरांसमोर बसलो. वांदरांची रीत वेगळी. त्यांच्यात पिल्लू कळपातल्या बायांच्या हातून हातात फिरतं. तीन माद्यांना आम्ही क्रमांक दिले. दर दोन मिनिटांनी मान वर करायची आणि 'पिल्लू कोणाजवळ' या रकान्यात खूण करायची. तासाभरात तीस खुणा झाल्या, त्यातल्या एकोणीस दोन नंबरच्या मादीसमोर. मी खाली लिहून टाकलं, आई क्रमांक दोन.

आचलनं कागद पाहिला आणि खोडरबर काढलं.

"दोन नंबर आई नाई, मॅडम. तिनं दूध कुठं पाजलं? दूध तिसरीनं पाजलं. पिल्लू रडून चिरकलं तशी तिसरीच येऊन घेऊन गेली. तुम्ही तवा चष्मा पुसून राह्यल्या होत्या."

तिचं बरोबर होतं. आई ओळखायची ती दुधावरून, हे तिला मीच शिकवलं होतं. पण जिच्याजवळ लेकरू जास्त वेळ तीच आई, हे मी स्वतःला इतकी वर्षं बजावत आले होते, की हातानं तेच लिहिलं. आचलनं दोन खोडून तीन केलं. खाली एका ओळीत लिहिलं, पिल्लू चिरकल्यास आई परत घेते. मग पेन्सिल ठेवली आणि वांदरांकडे पाहतच म्हणाली,

"मी चिरकली नाई का?"

तिला बारावीपासून माहीत होतं, म्हणाली. कोणी सांगितलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"चिरकली," मी म्हणाले. "तीन दिवस."

"मंग?"

सासूबाईंनी दाराला कडी लावली होती, असं सांगता आलं असतं. त्या आता नाहीत, खोटं पाडायला कोण येणार होतं? पण कडी कोणी लावली नव्हती.

"मी जिन्यात बसून ऐकलं. दोनदा अर्ध्या पायऱ्या उतरली. कोणी अडवलं नाई मले. चौथ्या दिवशी तू ताईच्या खांद्यावर झोपून गेली. मंग उतरायची हिंमतच नाई झाली."

मी माफी मागितली नाही. ती मागायची तर त्या जिन्यात मागायला हवी होती. समोरून बाकीची पोरं भेळीचे कागद चुरगाळत येताना दिसली तेव्हा तिनं तक्ते गोळा केले, कडेला कडा जुळवली आणि हळूच म्हणाली,

"जामच्या आईले सांगू नका, मी हे विचारलं म्हणून. तिले लागन."

मी बरं म्हणाले. आजवर ताईंना ती नुसतं आई म्हणत आली होती. आईमागे गावाचं नाव लावायची तिला कधी गरज पडली नव्हती.