बागेतले सर

जेवता जेवता अण्णांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि काहीतरी फार मोलाचं सांगत असल्यासारखे म्हणाले, "माणसानं दर अर्ध्या तासानं खुर्चीवरून उठलंच पाहिजे. नाहीतर सांधे धरतात आणि साखर वाढते. आमचे सर म्हणतात."

छकुलीचा घास हातातच राहिला.

छकुली म्हणजे अण्णांची एकुलती एक मुलगी. वय वर्षं अडतीस. एका मोठ्या दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. चौदा वर्षं लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलते करण्यात गेली होती, आणि तिथे मोठमोठे साहेबसुद्धा तिला मॅडम म्हणत, तिच्या एका शब्दावर हात वर करत. घराचा उंबरठा ओलांडला की मात्र ती छकुली. आणि छकुलीला काय कळतं?

अण्णांनी आत्ता ऐकवलेलं वाक्य तिनं त्यांना दोन वर्षं ऐकवलं होतं. प्रेमानं ऐकवलं होतं, डोळे वटारून ऐकवलं होतं, एकदा तर रडून ऐकवलं होतं. ती तोंड उघडणार इतक्यात आईनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. गप्प बस, असा त्याचा अर्थ.

अण्णा घड्याळजी. त्यांचं दुकान इतकं अरुंद की खुर्चीत बसल्या बसल्या हात लांब केला की चिमटे, तेलाची कुपी, चहाचा कप, सगळं हाताशी यायचं. सकाळी नऊला उजव्या डोळ्याला भिंग लावून मान खाली घातली की ती जेवायच्या वेळेलाच वर व्हायची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रक्तात साखर निघाली, मान दुखायला लागली, आणि तेव्हापासून छकुलीनं कंबर कसली. तिनं व्यायामाचा कागद लिहून दुकानातल्या भिंतीवर चिकटवला. अण्णांनी त्यावर कॅलेंडर टांगलं. तिनं दर अर्ध्या तासाला वाजणारं गजराचं घड्याळ आणून ठेवलं. दुकानात आधीच बासष्ट घड्याळं टिकटिकत होती, टोले देत होती. त्यात त्रेसष्टाव्याचं कोण ऐकतो? आठवड्याभरात अण्णांनी ते एका गिऱ्हाइकाला विकून टाकलं.

"अण्णा, पडून राहिलेल्या घड्याळाचं तेल सुकतं, असं तुम्हीच सांगता ना? माणसाचंही तसंच असतं," ती एकदा म्हणाली होती.

"घड्याळाला मी नवीन तेल घालतो," अण्णा म्हणाले. "मला तर तुझ्या आईनं तेल, तूप, सगळंच बंद केलंय."

पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणून तिनं शेवटी हात टेकले होते. आणि आता हे सर.

"कोण हे सर?" तिनं शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

अण्णा खुलले. महिन्याभरापूर्वी दुकानात एक गृहस्थ आले होते, बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन. दुरुस्त झालं की फोन करतो, असं अण्णा म्हणाले, तर ते म्हणाले, मी काही पुन्हा इकडे येत नाही, बसून वाट बघायची मला सवय नाही. पहाटे सहाला तलावाजवळच्या बागेत असतो, तिथे आणून द्या. अण्णांना हा तोरा आवडला नव्हता. पण घड्याळ जुनं आणि छान होतं, ते मालकाच्या हातात चालतं करून द्यायचा मोह होता. ते गेले. बागेत पंधरावीस माणसं टाचा वरखाली करत उभी होती. सरांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि म्हणाले, आलाच आहात तर उभे राहा आमच्यात, दहा मिनिटं.

"आणि तुम्ही उभे राहिलात?"

"नाही कसं म्हणणार? चारचौघांत बरं दिसतं का ते?"

"मी दोन वर्षं सांगत होते तेव्हा बरं दिसत होतं?"

"तू घरातली," अण्णा म्हणाले, जणू त्यात सगळं आलं.

सर डॉक्टर आहेत का, असं विचारल्यावर कळलं की सरांनी पस्तीस वर्षं बस चालवली होती.

रात्री भांडी घासताना छकुली आईवर घसरली. "मी शिकले, राबले, पेशंटच्या घामानं माझे हात ओले होतात. आणि ह्यांना अक्कल शिकवतो एक बस ड्रायव्हर."

"तुला काय करायचंय कोण शिकवतो त्याच्याशी? उठतायत ना? आज दुकानात चालत गेले. मी तर देव पावला असं समजते," आई म्हणाली. "तू उगाच नाक खुपसू नकोस. तू बोललीस की ते थांबतील."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं.

पुढचे तीन आठवडे घरात सरांशिवाय विषय नव्हता. चहातली साखर गेली, कारण सर म्हणतात, जीभ तीन आठवड्यांत विसरते. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. हे अण्णा आता दात घासून झाल्यावर करत, आणि करताना मोठ्यानं मोजत. जेवणानंतर दहा मिनिटं चालायचं, मग झोपायचं. छकुली ऐकत राहायची. जीभ तीन आठवड्यांत विसरते, हे ती स्वतः रोज चार पेशंटना सांगायची. एका बस ड्रायव्हरला नेमके तेच शब्द कसे सुचतात?

मग एका सकाळी अण्णा बागेतून आले ते भिंत धरत. "काही नाही, जरा गरगरलं," ते म्हणाले. "सरांनी मान गोल फिरवायला सांगितली होती. वीस वेळा इकडून, वीस वेळा तिकडून."

आता मात्र छकुलीचा संयम सुटला. ज्या मानेला ती दोन वर्षं जपत होती, ती मान कोणीतरी भिंगरीसारखी फिरवायला लावत होतं. आईनं पायावर पाय ठेवायच्या आत तिनं जाहीर केलं की उद्या ती बागेत येणार आहे.

"ये की," अण्णा म्हणाले. "तुलाही गरज आहेच. कशी वाकून चालतेस बघ."

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच, अण्णांना मागे टाकून, ती बागेत पोचली, ती भांडायची वाक्यं मनात जुळवतच. माणसं अजून जमत होती. कुंपणाच्या जाळीला एक मोठा पुठ्ठा टांगलेला होता, त्यावर प्लॅस्टिक चढवलेलं. पुठ्ठ्यावर काड्यांची माणसं काढली होती, टाचा उचलणारी, भिंतीला हात लावून उभी असलेली. प्रत्येकाला लांबलचक नाक होतं.

ती नाकं तिची होती. छापील कागद पेशंट हरवतात म्हणून ती हातानं चित्रं काढून द्यायची, आणि माणूस कुठल्या बाजूला बघतोय ते कळावं म्हणून नाकं लांब काढायची. कोणीतरी तिचा कागद जसाच्या तसा मोठा करून घेतला होता.

"मॅडम?" मागून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं आणि ओळखलं. चार वर्षांपूर्वी हा माणूस दोन्ही गुडघे धरून तिच्याकडे आला होता. दर खेपेला व्यायाम केला म्हणून खोटं सांगायचा. शेवटी तिनं त्याला चांगलं झापलं होतं, की तुमचे गुडघे मला सगळं सांगतात, तेव्हा तुम्ही बोलायचे कष्ट घेऊ नका. त्यानंतर तो आलाच नव्हता. तिला वाटलं होतं, गेला चिडून.

"तुम्ही होय ते सर," ती म्हणाली.

ड्रायव्हरकाका ओशाळले. "मी कुणाला सर म्हणा म्हटलं नाही. त्या दिवशी तुम्ही बोललात ते फार लागलं मला. घरी गेलो नि रागारागानं सगळे व्यायाम केले. मग रोजच करायला लागलो. शेजारचा आला, त्याचा मेव्हणा आला. मी आपलं तुमचंच बोलणं म्हणून दाखवतो. पाठ आहे मला."

"जीभ तीन आठवड्यांत विसरते."

"तेही तुमचंच."

"आणि मान गोल फिरवायची, हे कधी सांगितलं मी?"

ते जरा घुटमळले. "तुमच्या कागदावर नऊच व्यायाम होते. दहा झाले तर बरं वाटतं, म्हणून तो मी घातला."

छकुलीला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. तिनं त्यांना बाजूला घेऊन नीट समजावलं, या वयात मान गोल फिरवली की काय होऊ शकतं ते, आणि त्याऐवजी हनुवटी हळूच मागे घ्यायचा व्यायाम दाखवला. काकांनी तो तीनदा करून दाखवला, मग खिशातून वही काढून लिहून घेतला. इतका नीट ऐकणारा माणूस तिला कित्येक महिन्यांत भेटला नव्हता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "आमचे अण्णा माझं ऐकत नाहीत. तुमचं कसं ऐकतात?"

"घड्याळवाले अण्णा तुमचे वडील?" काकांना आश्चर्य वाटलं. "माझं कुठे ऐकतात, मॅडम? मी करतो ते बघून करतात. मी मध्ये दोन दिवस तापानं पडलो होतो, तर एकही जण आला नाही. तुम्ही स्वतः सकाळी काय करता?"

सकाळी ती बसमागे धावत असे, तेवढंच.

तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी मोठ्या कौतुकानं ओळख करून दिली. "सर, ही आमची छकुली. दवाखान्यात असते. तिलाही यातलं थोडंफार कळतं."

काकांनी तोंड उघडलं. छकुलीनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. खरं कळलं असतं तर अण्णांनी दुसऱ्या दिवसापासून काहीतरी कारण काढून बाग सोडली असती, याची तिला खात्री होती. "थोडंफार" हा शब्द तिनं कडू औषधासारखा गिळला आणि घरी आली. आईला सगळं सांगितलं तर आई इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. छकुली अजिबात हसली नाही.

तेव्हापासून अण्णांना काही सांगायचं असलं की छकुली काकांना फोन करायची. अण्णा रात्री उशिरा जेवतात. अण्णांच्या चपला झिजल्यात, नवीन घ्यायला सांगा. दुसऱ्या दिवशी अण्णा चपलांच्या दुकानात. "सरांचं लक्ष असतं हो प्रत्येकाकडे," ते म्हणायचे. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, साखर उतरली होती. फार नाही, पण डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. अण्णांनी तो कागद आधी सरांना दाखवला, मग घरी.

आणि एके दिवशी एका वजनदार पेशंटला खाटेवरून उठवताना छकुलीच्याच पाठीत उसण भरली. दोन दिवस ती घरी आडवी होती. अण्णा दुकानात जाण्याआधी आणि आल्यावर तिच्या खाटेशी खुर्ची ओढून बसत, आणि दर अर्ध्या तासानं उठून पुन्हा बसत.

"पाठीचे स्नायू कमकुवत असले की असं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्याला उचलायचं तर आधी आपण रोज हललं पाहिजे. सर म्हणतात."

हे काही तिनं सांगून पाठवलेलं नव्हतं. हे काकांचं स्वतःचं होतं, आणि त्यात चूक काढायला तिला जागा सापडली नाही. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

बरं वाटल्यावर पहिल्या सोमवारी अण्णांनी साडेपाचला तिच्या दारावर थाप मारली. ती आली, अर्धी झोपेत, केस कसेतरी बांधून. बागेत शेवटच्या रांगेत उभी राहिली. पुढे काका टाचा उचलायला लागले, मोजायला लागले. पाचसहा झाल्यावर तिच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. हा व्यायाम तिनं किती जणांना दिला होता याची गणती नव्हती. स्वतः शेवटचा कधी केला ते आठवत नव्हतं.

"आपटू नकोस," शेजारून अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. "टाचा हळू खाली आण. उतरतानाच खरा व्यायाम होतो."

हेही तिचंच वाक्य होतं. तिनं दात खाल्ले आणि टाचा हळू खाली आणल्या.

"हां, आता बरोबर," अण्णा म्हणाले. "आणि उद्या पाच मिनिटं आधी ऊठ. तुझ्यापायी आज पहिला व्यायाम बुडाला माझा."